कोणाचं कोणात

सांबार चिरता चिरता प्रशिकचं बोट कापलं आणि रक्ताचा एक थेंब ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर पडला. सांबार म्हणजे नागपूरबाहेरच्या लोकांची कोथिंबीर. रविवारी सकाळी नागपूरच्या बेसा भागातल्या कितीतरी घरांत वड्यांसाठी ती चिरली जात असेल, एखाद्या घरात एखादं बोटही कापलं जात असेल. त्यात नवल नाही. पण गोपिकाबाईंनी हातातला झारा कढईत तसाच सोडला, धावत येऊन प्रशिकचं बोट आपल्या मुठीत आवळलं आणि म्हणाल्या, "सांडू नको गा बेटा, माह्या पोराचं हाय ते." दूध उतू जातंय, गॅस बारीक कर, असं म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या. दारात पेपर घेऊन उभे असलेले मनोहरराव जागच्या जागी थबकले. त्यांना त्या थेंबाकडे बघायचं नव्हतं आणि त्याच्यावरून नजरही हलत नव्हती. आधी तो फुगीर होता, मग कडेकडेनं काळपट व्हायला लागला. गोपिकाबाईंनी हळद आणली, बोटावर दाबली, चिंधी बांधली, आणि थेंब पुसायची वेळ आली तेव्हा फडकं हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. शेवटी प्रशिकनंच अंगठ्यानं तो पुसून टाकला आणि हात नळाखाली धरला.

अमोल जाऊन दोन वर्षं होत आली होती. मनोहरराव आणि गोपिकाबाईंचा हा एकुलता एक मुलगा फौजेत होता, उत्तरेकडच्या बर्फातल्या एका चौकीवर. सुरुंग फुटला, जखमी झाला, उपचार चालू असताना गेला, एवढंच घरी कळवण्यात आलं. तिरंग्यातली पेटी घराशी आली तेव्हा त्याहून जास्त विचारायचं कुणाला सुचलंही नाही. मग काही महिन्यांनी हा प्रशिक दारात उभा राहिला. अमोलच्याच तुकडीतला, मूळचा सावनेरकडचा, डाव्या पायानं लंगडणारा. चौकीवर गोळीबार झाला त्यात मी जखमी झालो, खाली न्यायची सोय नव्हती, तेव्हा अमोलनं मला रक्त दिलं, त्याच्या रक्तावर मी जिवंत आहे, असं त्यानं गोपिकाबाईंना सांगितलं. आणि पुढं दोनच दिवसांनी अमोल गस्तीवर गेला, तेव्हा तो सुरुंग फुटला. हे ऐकून गोपिकाबाईंनी प्रशिकच्या मनगटावर बोटं ठेवली आणि डॉक्टरनं नाडी बघावी तशा कितीतरी वेळ बसून राहिल्या. त्या दिवसापासून तो घरचा झाला. पायामुळं फौज सुटली होती, मिहानकडच्या एका गोदामावर सुरक्षेचं काम लागलं, खोली जवळच मिळाली, आणि दर रविवारी त्याची मोटरसायकल फाटकाशी वाजू लागली. ज्या स्वयंपाकघरात मनोहररावांच्या सख्ख्या बहिणीला डब्यांना हात लावायची मुभा नव्हती, तिथं हा पोरगा मिठाचा डबा न विचारता काढू लागला.

मनोहररावांचा मात्र त्याच्यात जीव रमला नाही. उभी हयात त्यांनी वीज मंडळाच्या भरारी पथकात काढली होती. लोकांच्या छपरांवर चढायचं, तारेवर टाकलेले आकडे शोधायचे, मीटरचं सील नखानं खरवडून बघायचं. ज्या घरातला माणूस 'या साहेब, बसा साहेब, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही साहेब' म्हणतो, त्या घराच्या भिंतीत काहीतरी आहेच, हा त्यांचा अनुभव, आणि तो शंभरात नव्वद वेळा खरा ठरलेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, निवृत्त झाल्यानं तर मुळीच नाही. हा पोरगा फार गोड वागायचा. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून गॅसची टाकी उचलून ठेवायचा, काकांच्या चष्म्याची काडी बसवून आणायचा. काहून? कोणी कोणासाठी फुकट हे करतं? भिवापूरला चार एकर होते, लाल मिरचीचे, आणि त्या चार एकरांना आता वारस नव्हता. हा विचार मनात आला की मनोहररावांना स्वतःचीच थोडी शरम वाटायची, पण आलेला विचार शरम वाटली म्हणून परत जात नाही. त्यात पोरगा जखम कधी दाखवायचा नाही. घरात शिरला तरी मोजे काढायचा नाही, भर उन्हाळ्यात सुद्धा नाही. गोळी कुठं लागली होती विचारलं तर म्हणायचा, पायात, आणि लगेच गोष्ट दुसरीकडे न्यायचा. बाकी बोलायला मात्र तोंडाला कुलूप नाही. डोंगरावर रक्ताच्या पिशव्या कशा नेता येत नाहीत, नेल्या तर गारठून खराब होतात. आता प्लाझ्माची पूड येते, दुधाच्या भुकटीसारखी, पाण्यात कालवून शिरेत सोडायची. जुन्या लढायांमध्ये म्हणे शहाळ्याचं पाणी चढवायचे. आणि कुठं कुठं तर प्रयोगशाळेत खोटं रक्त बनवून राहिले काका, गट नाही, काही नाही, कोणालेही लावा. हे सगळं तो रंगवून सांगायचा, गोपिकाबाई हनुवटीवर हात ठेवून ऐकायच्या, आणि मनोहररावांना वाटायचं, जगभरच्या रक्ताचं सांगतो हा, स्वतःचं तेवढं सोडून. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आणि याच्याही खाली एक गोष्ट होती, जी त्यांनी बायकोला कधी सांगितली नाही. एकदा मूळव्याधीसाठी दवाखान्यात गेले असताना त्यांनी सहज विचारावं तसं डॉक्टरला विचारलं होतं, की रक्त दिल्यावर माणसाच्या अंगात ते परत कधी भरतं. डॉक्टर म्हणाला, पाणी दोन दिवसांत भरतं हो, पण लाल पेशी भरायला महिना-दीड महिना. का, द्यायचं आहे का? मनोहरराव नाही म्हणाले आणि फाइल काखेत धरून बाहेर येऊन बाकड्यावर बसले. महिना-दीड महिना. आणि अमोल दोन दिवसांनी गस्तीवर गेला, जिथं धडधाकट माणसाला श्वास पुरत नाही तिथं. अंगात पिशवीभर रक्त कमी घेऊन. डोकं हलकं झालं असेल. डोळ्यांपुढं क्षणभर अंधारी आली असेल. पाऊल जिथं टाकायचं नव्हतं तिथं पडलं असेल. पाऊल कसं पडलं असेल हे त्यांनी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं, की ते स्वतः तिथं असल्यासारखं त्यांना दिसायचं: पांढरा बूट, पांढरा बर्फ, आणि किंचित डावीकडे गेलेला तोल. तो तोल ज्याच्यामुळं गेला तो दर रविवारी त्यांच्या टेबलाशी बसून वड्या खात होता. गोपिकाबाई त्याला बीट खाऊ घालायच्या, खजूर खाऊ घालायच्या, गूळ-फुटाण्याची पुडी बांधून द्यायच्या, जणू अमोल त्याच्यात ठेव म्हणून ठेवला आहे आणि ठेव आटता कामा नये. मनोहरराव समोर बसून त्याच्या गालांवर आलेली लाली बघायचे. त्यांना त्याचा राग यायचा. स्वच्छ, तोंडाला कोरड पाडणारा राग. बिचाऱ्याचा काय दोष, असं मन सांगायचं, आणि तरी यायचा.

पण त्या सकाळी ओट्यावरचा थेंब बघताना रागाच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं. एक अक्षर. बी. अमोल पाचवीत असताना भिवापूरला चिंचेवरून पडला होता. बाहेर काहीच नाही, आणि पोट मात्र दगडासारखं. जीपमधून नागपूरला आणलं तेव्हा पोराचे ओठ कागदासारखे झाले होते. नर्स दारातून ओरडली, बी पॉझिटिव्ह कोण आहे, आणि मनोहररावांना दुसऱ्या खोलीत आडवं केलं, कारण त्यांचाही तोच निघाला. ती पिशवी भरताना ते छताच्या पंख्याकडे बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, घे बाप्पा, सगळं घे. पोरगा वाचला. पुढं तो हट्ट करायला लागला की गोपिकाबाई म्हणायच्या, तुमचं रक्त गेलं ना आत, मंग असाच वागन. मनोहरराव वरून चिडायचे आणि आतून फुलायचे. हे सगळं त्यांना पाठ होतं. मग इतके महिने हे कसं डोक्यात आलं नाही, की रक्ताला गट असतो? अमोलला आलेल्या दुबळेपणाच्या संशयात ते असे गुंतले होते, की घराच्या मागं आकडा शोधत बसलेल्या माणसाला समोरचं उघडं मीटर दिसू नये, तसं झालं होतं. अमोलचं रक्त ज्याला चाललं, त्याचा गट कोणता?

वड्या झाल्या, तिघं टेबलाशी बसले. मनोहररावांनी तर्रीत वडी बुडवली आणि वर न बघता विचारलं, "तुहा ग्रुप कोणता गा, प्रशिक?"

"कायचा काका?"

"रक्ताचा."

प्रशिकचा घास तोंडातच राहिला. गिळून तो म्हणाला, "जो अमोलचा तोच. तवाच तं चाललं ना."

"हो ना," गोपिकाबाई म्हणाल्या. "हे काय इचारनं झालं तुमचं? जेवू द्या त्याले."

जो अमोलचा तोच. मनोहरराव मनात हे वाक्य उलटंपालटं करून बघत राहिले. गट विचारला तर माणूस गट सांगतो. पत्ता विचारला तर 'शेजाऱ्याच्या बाजूला' असं सांगणारा माणूस त्यांनी पुष्कळ पाहिला होता, आणि त्याच्याकडे नेमकं काय सापडतं हेही. तेवढ्यात बाहेरून भोंग्याचा आवाज आला. त्यांच्या ले-आउटचे, म्हणजे वसाहतीचे, सेक्रेटरी चंपतराव रिक्षातून ओरडत चालले होते, समाजभवनात रक्तदान शिबिर, दात्यांना प्रमाणपत्र आणि नाश्ता. चंपतराव वर्षाकाठी असं काहीतरी काढतात आणि दाते कमी पडले की घराघरांत शिरून माणसं ओढून नेतात. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात ते असं. "चाल गा," मनोहरराव हात धुता धुता म्हणाले, "तूही दे, मीही देतो. अमोलच्या नावानं."

गोपिकाबाईंना ते पटलं नाही. आत्ताच बोट कापलं आहे, आणि ते रक्त असं वाटेल त्याला द्यायचं काहून, असं त्यांचं म्हणणं. पण अमोलच्या नावानं म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. प्रशिक टेबलाशी उभा होता. तो मनोहररावांकडे बघत होता, आणि त्या बघण्यात भीती असेल अशी मनोहररावांची खात्री होती, पण नीट पाहिलं तर ती भीती नव्हती. पुष्कळ दिवस ओझं धरून उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी 'ठेव आता खाली' म्हणावं, तेव्हा तो आधी म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, तसं काहीसं होतं. "चला काका," तो म्हणाला.

समाजभवनात पंखे घरघरत होते, स्पिरिटचा वास आणि पोह्यांचा वास एकमेकांत मिसळले होते. मनोहररावांचं रक्त शिबिरवाल्यांनी घेतलंच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा बीपी फार वाढलाय काका, तुम्ही आज नुसते पोहे खा. ते खुर्ची ओढून प्रशिकच्या शेजारीच बसले. तपासणीच्या टेबलावरच्या मुलीनं त्याच्या बोटाला सुई टोचली, चिंधीच्या शेजारच्या, आणि काचेच्या पट्टीवर थेंब ठेवले. एकावर निळं औषध सोडलं, एकावर पिवळं, तिसऱ्यावर बिनरंगी, काडीनं ढवळलं, आणि पट्टी हातात घेऊन पाळणा हलवावा तशी हलवू लागली. मनोहरराव पुढं झुकले. बी असेल तर पिवळ्यातलं रक्त फाटलेल्या दुधासारखं दाणेदार होईल, हे त्यांना चंपतरावांच्या मागच्या शिबिरांत बघून ठाऊक होतं. निळं तसंच राहिलं. पिवळंही तसंच राहिलं. गुळगुळीत, एकसारखं, कुठं दाणा नाही. दाणे धरले ते फक्त तिसऱ्या, बिनरंगी औषधाच्या थेंबानं. त्यांना वाटलं, वेळ लागत असेल. मुलीनं पुन्हा हलवलं. डॉक्टरीणबाईंनी वरून नजर टाकली आणि खुशीत म्हणाल्या, "ओ पॉझिटिव्ह! वा. तुमचं बहुतेक सगळ्यांना चालतं बरं का. तुम्हाला मात्र ओ सोडून कुणाचंच चालत नाही."

सापडला. पहिल्यांदा हाच शब्द आला, आणि त्याच्याबरोबर ती जुनी झिणझिणी, छपराच्या कौलाखाली हात घातल्यावर बोटांना वायर लागावी तशी. खोटारडा सापडला. दीड वर्ष होत आलं, एका आईच्या हातचं खातोय, अमोलचं रक्त सांगून, आणि याच्या अंगात अमोलच्या रक्ताचा टिपूस गेला असता तर हा तिथंच मेला असता. प्रशिक पलंगावर आडवा झाला, नळी लावली, पिशवी भरू लागली. तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता आणि मूठ उघडझाप करत होता, सवयीनं, कुणी न सांगता. ही सवय बघून मनोहररावांची झिणझिणी हळूहळू उतरली. घेणाऱ्या माणसाला ही सवय नसते. ही देणाऱ्याची सवय आहे. त्यांच्या तोंडाला कोरड पडली, पण ती रागाची नव्हती.

बाहेर कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या. प्रशिकच्या हातात बिस्किटाचा पुडा होता, फोडलेला नव्हता.

"अमोलचा बी होता," मनोहरराव म्हणाले. "लहानपणी मीनंच देल्लं होतं त्याले. तुले चाललंच नसतं."

"हो काका."

"मंग?"

"मले गोळी लागलीच नाही," प्रशिक म्हणाला. "गोळीबार झालाच नाही. एकच ते सुरुंग. त्याच्यात अमोल. मी मागं होतो, मले काही नाही झालं. धुकं होतं काका, हेलिकॉप्टर येऊन नाही राहिलं. ते पूडवाली एक बाटली होती, ते कालवून चढवली. पण ते रक्त नसते ना, ते नुसतं थोपवून धरते. तिथं आमीच ब्लड बँक. ओवाल्यायले पहिलेच तपासून ठेवते. बाकीचे दोघं खालच्या चौकीवर, वर मी एकटा. त्याच्या बाजूले निजवलं मले. एक पिशवी काढली, त्याले लावली. जरा बोलला तो. मंग पुन्हा नाडी उतरली. मी म्हटलं, अजून घ्या. मेडिकलवाला म्हणे, एकाची दुसरी घेत नाही. मी म्हटलं, घ्या."

"काय बोलला?"

"काही नाही. असंच."

"मंग?"

"मंग सकाळी धुकं गेलं."

मनोहररावांनी त्याच्या पायाकडे पाहिलं. प्रशिकलाही ते समजलं. "बूट ओला झाला होता," तो म्हणाला. "अंगात रक्त कमी, पडून होतो, समजलंच नाही. बोटं काढा लागली."

आणि याच वेळी मनोहररावांच्या मनात ते आलं. ते त्यांना नको होतं, त्यांनी बोलावलं नव्हतं, पण आलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्यासारखं बसलं. कोणाचं रक्त घातलं माझ्या पोरात? कोणाचं, आणि म्हणूनच तर... एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही, पण सुरुवात झाली होती आणि ती स्वतःच्याच कानांनी ऐकली होती. ओ सगळ्यांना चालतं, डॉक्टरीणबाई आत्ताच म्हणाल्या होत्या, पोह्यांच्या वासात, हसत. तरी सुरुवात झाली होती. ते खुर्चीच्या हातावर बोटं दाबत बसले.

"खोटं काहून सांगितलं तू?" त्यांनी विचारलं, पण आवाजात आता भरारी पथक नव्हतं.

प्रशिक बिस्किटाच्या पुड्याची कडा नखानं सोलत राहिला. "मी खरं सांगालेच आलो होतो काका. सांगतच होतो. काकूनं माहा हात धरला, म्हणे माह्या अमोलचं काही उरलं काय गा. आणि तवाच तुमी आडनाव इचारलं."

पुढचं बोलायची गरज नव्हती. मनोहररावांना तो दिवस आठवत होता, नेहमीच आठवत होता, फक्त एवढा तुकडा ते प्रत्येक वेळी ओलांडून जात. पोरगा दारात उभा, गोपिकाबाईंच्या हातात त्याचा हात, आणि आपण मागून म्हणालो, आडनाव काय म्हणाला तू? तो म्हणाला, गजभिये. नागपुरात आडनाव कळलं की पुढचं विचारावं लागत नाही. घर बौद्धांचं आहे, भिंतीवर कोणाचा फोटो असेल, आजा कोणत्या वर्षी दीक्षाभूमीवर उभा होता, सगळं त्यात आलं. आपण काहीच बोललो नव्हतो. 'बरं' म्हणालो होतो. पण त्या 'बरं'च्या आधी जो क्षणभराचा थांबा होता तो त्या पोरानं ओळखला होता, कारण असे थांबे ओळखण्यात त्याची उभी हयात गेली होती, जशी आपली आकडे ओळखण्यात. माझं रक्त तुमच्या मुलाच्या अंगात गेलं, तुम्ही त्याला जाळलं तेव्हा ते त्याच्या अंगात होतं, हे या घरात कसं सांगायचं? त्यानं उभ्या उभ्या ते फिरवून टाकलं. तुमच्या मुलाचं माझ्यात आहे. तसं सांगितलं म्हणून स्वयंपाकघर उघडलं, मिठाचा डबा हाताला लागला. आपण इतके दिवस त्याच्यावर संशय घेत होतो, आणि त्यानं आपल्यावर पहिल्याच मिनिटात घेतला होता. आणि त्याचा खरा होता. मनोहररावांना लाज वाटली, आणि ती लाज नुसती मनात वाटून संपणारी नव्हती, कानापर्यंत चढली.

घरी परतताना प्रशिक मोटरसायकल चालवत होता आणि मनोहरराव मागं बसले होते. त्यांनी धरायचं म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. आता प्रश्न गोपिकेचा होता. सांगितलं नाही तर सगळं आहे तसं राहील, रविवार राहतील, वड्या राहतील. पण ते सगळं एका खोट्यावर उभं राहील, आणि ते खोटं या पोरानं आपल्यामुळं बांधलं होतं. सांगितलं तर तिचा अमोल दुसऱ्यांदा जाईल. नाडीवर बोटं ठेवून जे तिला लागत होतं ते कधी नव्हतंच. आणि मग ती काय करेल? ती डबे मागं ओढेल का? तिच्या माहेरी पाणी वरून ओतायचे, हे त्यांनी लग्नात डोळ्यांनी पाहिलं होतं. ती तोंडानं काही म्हणणार नाही, चांगली बाई आहे, पण अर्धं पाऊल मागं सरकेल, आणि हा पोरगा ते अर्धं पाऊल ओळखेल आणि पुढच्या रविवारी येणार नाही. त्या अर्ध्या पावलाची त्यांना आता मरणाची भीती वाटत होती. घरी नेण्याआधी थांबवावं, सांगावं, राहू दे गा, आपण दोघंच ठेवू हे, असं वाटत होतं. बेसा चौक आला, गेला. त्यांनी थांबवलं नाही.

गोपिकाबाई स्वयंपाकघरात ओटा आवरत होत्या. "देल्लं काय बेटा? चक्कर नाही ना आली?" असं विचारत वळल्या. मनोहरराव चपला न काढताच आत आले होते. ते म्हणाले, "अमोलनं याले रक्त देल्लं नव्हतं. मले आज समजलं. यानं अमोलले देल्लं. दोन पिशव्या. त्याच्यातच याच्या पायाची बोटं गेली. हा खोटं बोलला, ते माह्यामुळं." इतकं बोलून त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, धाडीत घरमालकिणीच्या हातांकडे बघायचे तसं. हात कुठं जातात, काय झाकतात. प्रशिक उंबऱ्याच्या बाहेरच थांबला होता, आणि आपण बाहेर थांबलो आहोत हे त्याला माहीत होतं.

गोपिकाबाई हलल्या नाहीत. मागंही नाही, पुढंही नाही. फडकं हातात होतं ते त्यांनी पिळलं, पुन्हा पिळलं, त्यात पाणी नव्हतं तरी. मग त्या नवऱ्याकडे न बघता प्रशिककडे बघून म्हणाल्या, "बरफात पडला होता ना गा तो?"

"हो काकू."

"तू देल्लं ते रक्त... गरम होतं काय?"

प्रशिकनं दाराची चौकट धरली. मनोहररावांना आपल्या बायकोच्या तोंडाकडे बघता येईना. ते दोन वर्षं पाऊल कसं पडलं याचा विचार करत होते. ती दोन वर्षं हा विचार करत होती, आणि ते एका पलंगावर निजत होते, आणि त्यांना ठाऊक नव्हतं.

"गरम होतं काकू," प्रशिक म्हणाला. "अंगातून काढलं का लगेच लावलं. गरमच होतं."

"त्याले समजलं असन?"

"समजलं."

"कायनं म्हणतं तू?"

"बोलला ना तो. पहिली पिशवी जाऊन राहिली होती तवा. म्हणे, आता बरं वाटून राहिलं, थंडी गेली."

"असं म्हणे?"

"असंच म्हणे काकू."

गोपिकाबाईंनी त्याला दंडाला धरून आत ओढलं, खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या पायाशी खाली बसून, पेटी आली त्या दिवशीही रडल्या नव्हत्या तशा रडू लागल्या. प्रशिकनं मान खाली घातली होती. हे खरं होतं, की हेही त्यानं आत्ताच, उभ्या उभ्या केलं होतं? त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं असतं तर मनोहररावांना ते ओळखता आलं असतं. त्यांना खात्री होती, ओळखता आलं असतं. ते वाकले आणि चपला काढू लागले.